एकाच तालुक्याची दोन टोकं: मागास भागाची करसवलत न्याय्य आहे का?

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं, की पेरणे फाटा मागे टाकल्यावर भीमेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे हवेली तालुका, पलीकडे कोरेगाव भीमा, म्हणजे शिरूर. तिथपासून सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव गणपतीपर्यंत कारखान्यांची रांग सहसा तुटत नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत एलजी आणि व्हर्लपूल घरगुती उपकरणं बनवतात, फियाटचा मोटारींचा कारखाना आहे, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या तर कितीतरी आहेत.

हीच भीमा पुढे मुळामुठेला पोटात घेऊन वडगाव रासाईच्या शिवाराला लागते. नदीपलीकडे दौंड तालुका. दोन्ही काठांना ऊस. जवळपासचा मोठा कारखाना म्हणाल तर न्हावऱ्याचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना, आणि तोही अलीकडच्या वर्षांत अडचणीत सापडलेला. इथल्या पोराला 'कंपनीत लागायचं' असेल तर पहाटे उठून रांजणगाव-सणसवाडीची वाट धरायची, नाहीतर उलट्या दिशेनं दौंडमार्गे कुरकुंभची रासायनिक वसाहत गाठायची. बरेच जण पुण्यात खोली करून राहतात.

आता कोडं असं. राज्य सरकार मागास भागात कारखाने यावेत म्हणून करात सवलत देतं. कुठला भाग किती मागास हे ठरवताना माप धरलं जातं ते तालुक्याचं. रांजणगाव आणि वडगाव रासाई एकाच तालुक्यात, म्हणून दोघांचा गटही एकच. शेजारच्या दौंडचा गट स्वतंत्र ठरतो, मग नदीच्या अल्याड-पल्याडची दोन शिवारं कितीही सारखी असोत. अशी सवलत न्याय्य म्हणायची का? उत्तर देण्याआधी ही सवलत चालते कशी ते पाहायला हवं, कारण तिच्याविषयीचे बरेचसे वाद ती नीट न समजल्यानं होतात.

## कारखाना जागा कशी निवडतो

कारखानदार जागा शोधतो तेव्हा त्याच्यासमोर दोन हिशेब असतात. पहिला उभारणीचा: जमीन, बांधकाम, यंत्रं. दुसरा रोजचा: कच्चा माल आणायचं भाडं, तयार माल पोचवायचं भाडं, वीज, पाणी, पगार. पहिल्या हिशेबात खेडं जिंकतं, कारण जमीन स्वस्त मिळते. दुसऱ्यात बहुतेक वेळा शहराजवळची जागा जिंकते. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारा तासाभरात येतो, सुटा भाग शेजारच्या गाळ्यात मिळतो, वेल्डर आणि फिटर शोधत फिरावं लागत नाही, बँक आणि वाहतूकदार दारात असतात.

हा शेजाराचा फायदा कुठल्याही ताळेबंदात वेगळा लिहिलेला नसतो, पण तो फार मोठा असतो. म्हणूनच एकदा चार कारखाने आले की पाचवा तिथंच येतो, पाचव्यामुळे सहावा. पिंपरी-चिंचवडचं हेच झालं, चाकणचं हेच झालं, नगर रस्त्याचंही हेच. उलट जिथं एकही कारखाना नाही तिथं पहिल्यानं जाणाऱ्याला सगळा भार एकट्यानं सोसावा लागतो.

सरकारची सवलत नेमकी इथं शिरते. पहिल्यानं जाणाऱ्याचा जादा खर्च काही वर्षं आम्ही भरून देतो, एवढ्या काळात शेजार तयार होईल, मग सवलतीची गरज उरणार नाही, असा हा हिशेब आहे. कल्पना म्हणून तो चांगला आहे. त्यातले 'काही वर्षं' आणि 'शेजार तयार होईल' हे दोन भाग मात्र विसरून चालत नाही.

## सवलतीचा पैसा कुठून येतो

महाराष्ट्रात या योजनेचं नाव 'सामूहिक प्रोत्साहन योजना'. सुरुवात 1964 साली झाली. त्याआधी 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली होती, आणि 1966 मध्ये उद्योगांना भांडवल पुरवायला 'सिकॉम' आली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात एकवटलेले उद्योग राज्यभर पसरवायचे, हा तिघांचाही उद्देश होता. योजना अनेकदा बदलली, पण गाभा तोच राहिला.

तालुक्यांची प्रतवारी अशी आहे: 'अ' म्हणजे विकसित पट्टा, 'ब' म्हणजे थोडाफार विकास झालेला, 'क' त्याहून कमी, 'ड' आणखी कमी, 'ड+' त्याहूनही मागे. त्याखाली विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. खाली उतरावं तशी सवलत वाढते. त्यात मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्काची माफी असते, लहान उद्योगांना व्याजात मदत असते, आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे कराचा परतावा.

परतावा कसा होतो ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. एका पात्र कारखान्यानं वर्षात 60 कोटींचा माल महाराष्ट्रातच विकला. जीएसटी 18 टक्के, म्हणजे 10 कोटी 80 लाख. त्यातला निम्मा, 5 कोटी 40 लाख, राज्याचा. कच्चा माल घेताना कारखान्यानं राज्याचा 3 कोटी 90 लाखांचा कर आधीच भरलेला आहे, तो वजा झाला. उरलेले दीड कोटी त्यानं राज्याच्या तिजोरीत भरले. सवलत पूर्ण असेल तर हे दीड कोटी त्याला परत मिळतात. असं वर्षानुवर्षं चालतं, गुंतवणुकीच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा गाठेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली: हा कर कारखान्यानं स्वतःच्या खिशातून भरलेला नाही. फ्रीज घेणाऱ्यानं तो किमतीसोबत मोजलेला आहे. गिऱ्हाईक शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचं असो की मुंबईचं, त्यानं सरकारला म्हणून दिलेल्या रकमेतला काही भाग फिरून कंपनीकडे जातो. याला करमाफी म्हणण्यापेक्षा अनुदान म्हणणं जास्त खरं आहे, कारण हा पैसा शाळा, दवाखाना, रस्ता यांच्यावरही खर्च होऊ शकला असता.

दुसरी गोष्ट जीएसटीनं आणलेली. 1 जुलै 2017 पासून माल जिथं वापरला जातो त्या राज्याला कर मिळतो. रांजणगावात बनलेली वस्तू तामिळनाडूत विकली गेली तर राज्याच्या वाट्याचा कर तामिळनाडूला जातो. त्यामुळे महाराष्ट्रात विकणाऱ्या कारखान्याला परताव्याचा लाभ जास्त, आणि देशभर किंवा परदेशात माल पाठवणाऱ्याला कमी. कारखाना किती मागास गावात आहे याचा या फरकाशी काहीही संबंध नाही.

चौकट: सवलतींची वाटचाल

1964: महाराष्ट्रात उद्योगांच्या विकेंद्रीकरणासाठी पहिली प्रोत्साहन योजना.
1979 ते 1993: 1979, 1983, 1988 आणि 1993 च्या योजना. विक्रीकर माफ करणं किंवा काही वर्षांनी भरू देणं हे मुख्य हत्यार.
1999: राज्याराज्यांतली सवलतींची चढाओढ थांबवण्यावर सहमती. जानेवारी 2000 पासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद करण्याचं ठरलं.
2005: महाराष्ट्रात व्हॅट लागू. पुढे माफीऐवजी भरलेल्या कराच्या प्रमाणात अनुदान.
2007, 2013, 2019: नव्या सामूहिक प्रोत्साहन योजना.
2017: जीएसटी. परतावा आता राज्याच्या जीएसटीच्या हिश्श्यातून.

## मुळात वेगळी वागणूक का द्यायची?

पुण्यातला लहान कारखानदार विचारतो: मी पूर्ण कर भरतो, पन्नास-साठ मैलांवरच्या माझ्या स्पर्धकाला तो परत मिळतो, माझा गुन्हा काय? प्रश्न रास्त आहे. त्याला दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर कायद्याचं. राज्यघटनेचा अनुच्छेद 14 समानता सांगतो, पण सगळ्यांना सरसकट एकाच मापानं मोजा असं सांगत नाही. वेगळा गट करता येतो, मात्र गट करण्याला समजण्याजोगं कारण हवं आणि त्या कारणाचा कायद्याच्या उद्देशाशी संबंध हवा. विक्रीकराच्या सवलतींवर सर्वोच्च न्यायालयासमोर बरीच प्रकरणं गेली. व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायालयानं नव्या उद्योगांना ठरावीक मुदतीसाठी दिलेली सवलत मान्य केली. पुढे 1996 मध्ये श्री महावीर ऑइल मिल्सच्या प्रकरणात मात्र जम्मू-काश्मीरनं तिथल्या खाद्यतेल उत्पादकांना दिलेली सरसकट माफी टिकली नाही. ठरावीक उद्योग, ठरावीक मुदत आणि ठरावीक कारण असेल तर सवलत चालते, मोकाट माफी चालत नाही, असा या दोन निकालांचा अर्थ.

दुसरं उत्तर मला जास्त पटतं. पुणे-मुंबईची आजची ताकद तिथल्या उद्योजकांच्या कष्टांची आहे, पण तेवढ्याचीच नाही. मुंबई-पुण्याला रेल्वे लवकर आली, धरणांचं पाणी आलं, संरक्षण खात्याचे कारखाने आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा आल्या. हे सार्वजनिक पैशातून झालं. आणि शहराचा फायदा शहरात राहतो, पण त्याचा कचरा खाली वाहतो. पुण्याचं सांडपाणी मुळामुठेतून भीमेत येतं, आणि शिरूर-दौंडच्या नदीकाठच्या गावांना त्या पाण्याचा वास आणि जलपर्णी दोन्ही सोसावी लागतात. या गावांना सरकारनं काही जादा दिलं तर त्याला मेहेरबानी म्हणता येणार नाही.

राज्याच्या पातळीवर हा हिशेब मांडला तो अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनं. 1983 मध्ये नेमलेल्या या समितीनं 1984 च्या अहवालात जिल्हावार तूट काढली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा गोष्टींत राज्याच्या सरासरीच्या मागे असलेल्या जिल्ह्यांना सरासरीवर आणायला किती पैसा लागेल, असा सवाल होता. उत्तर आलं सुमारे 3,187 कोटी रुपये. त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्क्यांच्या आसपास, मराठवाड्याचा सुमारे 24 टक्के, उरलेल्या महाराष्ट्राचा 37 टक्के. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून घरोघर पोचला. त्या यादीतल्या मोजमापांकडे पाहिलं तर तूट सार्वजनिक सोयींची होती. समितीनं मोजली ती रस्त्यांची आणि पाण्याची कमतरता, आणि ती कारखान्याला करपरतावा देऊन भरून निघेलच असं नाही.

## आकुर्डी ते पंतनगर

करसवलत काम करते का? हो, करते. उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश यांच्यासाठी केंद्रानं जानेवारी 2003 मध्ये पॅकेज जाहीर केलं. नव्या कारखान्यांना दहा वर्षं अबकारी शुल्क माफ आणि आयकरातही मोठी सूट. पाहता पाहता बद्दी, हरिद्वार, पंतनगर इथं कारखाने उभे राहिले. अर्थशास्त्रज्ञ ऋतम चौरे यांनी या पॅकेजचा अभ्यास केला आहे. रोजगार, उत्पादन आणि कारखान्यांची संख्या, तिन्ही बऱ्यापैकी वाढल्याचं त्यांना आढळलं. दुसरीकडचे कारखाने उचलून इकडे आणले गेल्याचा पुरावा मात्र त्यांच्या आकडेवारीत दिसला नाही.

पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीच्या कामगाराला हे पटवून देणं अवघड आहे. बजाज ऑटोचा पंतनगरचा कारखाना 2007 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी आकुर्डीतलं दुचाकींचं उत्पादन थांबलं. जकातीसह पुण्यातल्या करांचा बोजा आणि पंतनगरची करमाफी यांतल्या फरकाची चर्चा तेव्हा शहरभर होती. टाटा मोटर्सही पंतनगरला गेली. देशाच्या एकूण आकडेवारीत नवे रोजगार दिसू शकतात आणि तरीही एका गल्लीत चूल थंड पडू शकते. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि धोरण ठरवताना दुसऱ्या गोष्टीची नोंदही ठेवली जात नाही, हे मला खटकतं.

सवलतींची चढाओढ हा याचाच पुढचा भाग. एका राज्यानं पाच वर्षं माफी दिली की दुसरं सात देतं. मुंबईच्या कित्येक कंपन्यांनी एकेकाळी दमण आणि सिल्वासाला कारखाने नेले ते याच कारणानं. 1990 च्या दशकाअखेर सगळ्याच राज्यांच्या तिजोऱ्यांना झळ बसू लागली तेव्हा 1999 मध्ये ही शर्यत थांबवायचं ठरलं. नंतर ती दुसऱ्या नावांनी सुरूच राहिली. सगळ्यांनीच सवलत दिली की कोणाच्याच सवलतीला अर्थ राहत नाही. कारखाना जिथं जाणार होता तिथंच जातो, आणि जाताना पैसे घेऊन जातो.

## परतावा शेवटी कोणाच्या हाती पडतो

भागाला दिलेली सवलत भागातल्या माणसांना पोचते का, हा न्यायाचा खरा प्रश्न आहे. वाटेत तीन हात लागतात.

पहिला हात जमीनमालकाचा. सवलतीच्या हद्दीत कारखाने यायला लागले की जमिनीचे भाव चढतात. ब्रिटननं 1981 पासून मागास भागांत करमाफीची क्षेत्रं केली, तेव्हा माफीचा बराच वाटा वाढलेल्या भाड्याच्या रूपानं जागामालकांकडे गेल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. नगर रस्त्यावर ज्यांची जमीन रस्त्याला लागून होती त्यांचं भलं झालं, आणि चांगलंच झालं. शेतमजुराच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

दुसरा हात मोठ्या गुंतवणूकदाराचा. 2013 च्या योजनेत 'मेगा प्रकल्प' ठरायला 'अ' आणि 'ब' गटांत 750 कोटींची गुंतवणूक किंवा 1,500 जणांना रोजगार अशी अट होती. 'क' गटात 500 कोटी किंवा 1,000 जण, 'ड' आणि 'ड+' मध्ये 250 कोटी किंवा 500 जण, विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भागात 100 कोटी किंवा 250 जण. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. गुंतवणुकीची अट पुरी झाली की माणसांची अट पुरी करायची गरज नाही. शिवाय परताव्याची मर्यादा गुंतवणुकीच्या टक्क्यांत असल्यामुळे ज्याची यंत्रं महाग त्याला जास्त रक्कम मिळते, मग तिथं माणसं कितीही कमी असोत. आणखी एक गोष्ट: 'अ' आणि 'ब' गटांनाही मेगाचं दार उघडं आहे. पुण्याच्या आसपास मोठे प्रकल्प याच दारानं आले. मागास भागासाठी सुरू झालेली योजना अशा रीतीनं विकसित भागालाही पैसा देऊ लागली.

याचं समर्थनही होऊ शकतं आणि ते टाकाऊ नाही. मोठा मोटार कारखाना गडचिरोलीला जात नाही, तो चाकणला किंवा मग चेन्नईला जातो. सवलत दिली नाही तर राज्याच्याच हातून सुटतो. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांच्या समूहासाठी रांजणगावची निवड केली, सुमारे 493 कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. जिथं सुटे भाग आणि तरबेज हात आधीच आहेत तिथंच असा समूह टिकतो, हे व्यवहाराला धरून आहे. पण मग त्या खर्चाला उद्योगवाढीचा खर्च म्हणावं. त्यावर मागासांच्या उत्थानाचं नाव घालू नये, आणि मागासांच्या तरतुदीतून तर तो मुळीच वळवू नये.

तिसरा हात नोकरीचा. प्रोत्साहन घेणाऱ्या कारखान्यानं 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, पर्यवेक्षक आणि वरच्या जागांवर निम्मे स्थानिक असावेत, असा राज्याचा नियम आहे. वाचून बरं वाटतं. पण 'स्थानिक' म्हणजे 15 वर्षं महाराष्ट्रात राहिलेला रहिवासी. लातूरचा मुलगा, नाशिकची मुलगी, सगळे यात बसतात, आणि त्यांनी बसावंही. फक्त मग वडगाव रासाईच्या नावानं दिलेल्या सवलतीतून वडगाव रासाईला नोकरी मिळेल, याची हमी या नियमात नाही. त्यात कंपन्यांमधली बरीच माणसं ठेकेदाराकडची असतात, सात-अकरा महिन्यांनी बदलणारी. गावात विचारलं तर 'कंपनीत आहे' आणि 'परमनंट आहे' ही दोन वेगळी उत्तरं मिळतात, आणि लग्न जमवताना त्यांचा फरक नेमका कळतो.

## तालुका हे माप फार मोठं आहे

कालव्याच्या पाळीचा अनुभव असलेल्याला पुढची गोष्ट लगेच कळेल. चासकमानचा कालवा असो की घोडचा, चारीला पाणी सुटलं अशी नोंद होते तेव्हा ती पूर्ण चारीची होते. प्रत्यक्षात हेडचे, म्हणजे सुरुवातीचे शेतकरी भिजवून घेतात, आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत पाळी संपलेली असते. कागदावर चारी भिजलेली, टेलचा ऊस वाळलेला. म्हणून पाटबंधारे खात्यातली जाणती माणसं टेलपासून हेडकडे पाणी देण्याचा आग्रह धरतात.

तालुक्याच्या नावानं दिलेल्या सवलतीचं तेच होतं. कारखानदार त्या तालुक्यातली हमरस्त्याजवळची, शहराच्या बाजूची जागा धरतो. यात त्याचं काही चुकत नाही, कारण नियमानं सगळी जागा सारखीच आहे. हद्द ओलांडल्याबरोबर सवलत लागू होत असेल तर हद्दीपासून चाळीस किलोमीटर आत कोण जाईल? भारत सरकारनं 1994 पासून उद्योगदृष्ट्या मागास जिल्ह्यांना जी आयकरसूट दिली, तिच्या अभ्यासातही मागासांपैकी त्यातल्या त्यात बऱ्या जिल्ह्यांनाच मुख्य लाभ झाल्याचं दिसलं. जिल्ह्यात जे झालं तेच तालुक्यात होतं.

कारखाने वाढले की तालुक्याची सरासरी सुधारते. मग टेलच्या गावांचं काही न बदलताही अख्खा तालुका पुढारलेला दिसतो. उलटही घडतं. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यानं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. ज्या तालुक्यात मोटारी बनतात तोच तालुका दुष्काळी. यात सरकारची चूक नव्हती. एका तालुक्यात दोन परिस्थिती नांदतात, इतकंच त्यातून दिसतं.

आणि त्याच दुष्काळानं मार्गही दाखवला. 40 तालुक्यांच्या बाहेरच्या गावांनी तक्रार केल्यावर काही दिवसांतच राज्यानं तालुका सोडून महसूल मंडळ हे माप धरलं आणि शेकडो मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती दिल्या. पाऊस मंडळावर मोजला जातो, पीकविम्याचे हिशेब मंडळावर होतात. मंडळ म्हणजे तलाठ्यांच्या काही सजांचा मिळून एक गट, तालुक्यापेक्षा बराच लहान. रांजणगाव आणि वडगाव रासाई वेगवेगळ्या मंडळांत आहेत. दांडेकर समितीनं 1984 मध्ये जिल्हा धरला, उद्योग खातं तालुक्यापर्यंत आलं. आणखी एक पायरी उतरायला लागणारी यंत्रणा सरकारकडे तयार आहे.

मंडळ हे माप धरलं तरी वडगाव रासाईत लगेच मोटार कारखाना येणार नाही, आणि कोणी तसं आश्वासन दिलं तर ते मानू नये. उसाच्या पट्ट्यात जे टिकेल ते शेतमालाच्या आसपासचं: गूळ, शीतगृह, दुधावरची प्रक्रिया, शेतीअवजारांची दुरुस्ती, सुटे भाग बनवणारं लहान वर्कशॉप. असे उद्योग 250 कोटींचे नसतात. दोन-चार कोटींच्या उद्योगाला सात वर्षांनी मिळणाऱ्या परताव्यापेक्षा आज अखंड वीज, बारमाही रस्ता आणि कमी व्याजाचं कर्ज यांची गरज असते. परतावा मिळायला आधी विक्री व्हावी लागते, आणि लहान उद्योग बंद पडतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत, परतावा हाती येण्याच्या आधीच.

म्हणून माझं मत असं: मागास भागाला जादा देणं न्याय्य आहे, आणि ते द्यावंच. पण त्यातला मोठा हिस्सा कंपनीच्या परताव्यात न जाता टेलच्या मंडळांतल्या रस्ता, वीज, आयटीआय आणि एसटीच्या फेऱ्यांत जावा. परतावा द्यायचाच तर गुंतवणुकीच्या रकमेवर न देता भरलेल्या पगारावर द्यावा, आणि त्या मंडळातल्या माणसाला कायम नोकरी दिली तर अधिक द्यावा. 'किंवा'च्या जागी 'आणि' लिहावं. मंडळाची सरासरी सुधारली की सवलत आपोआप कमी व्हावी. पूर्ण कर भरणाऱ्या पुण्याच्या लहान कारखानदाराच्या तक्रारीलाही मग उत्तर देता येईल, कारण त्याच्या करातून गेलेला पैसा कुठं पोचला हे दाखवता येईल.

मागास भागाच्या सवलतीवर दुसरी हरकतही घेतली जाते: उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग या भागाला आणखी सवलत कशाला? शेतीच्या उत्पन्नाला आयकरातून सूट आहे हे खरं. पण ती सूट बागायतदाराच्या कामाची. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, जो दुसऱ्याच्या फडात राबतो, त्याचं उत्पन्न मुळातच आयकराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतं. त्याला ना शेतीची सूट उपयोगाची, ना कंपनीचा परतावा. जीएसटी मात्र तो साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत रोज भरतो.

या माणसाला धरून हिशेब करायचा तर सुरुवात एका यादीनं करता येईल. प्रत्येक पात्र कारखान्याला वर्षात किती परतावा मिळाला, त्यानं किती कायम आणि किती कंत्राटी माणसं ठेवली, आणि ती कोणकोणत्या गावची आहेत, हे तीन रकाने जिल्हा उद्योग केंद्रानं दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावेत आणि त्या-त्या गावच्या ग्रामसभेसमोर ठेवावेत. पगारपत्रकात, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींत आणि परताव्याच्या अर्जांत ही बरीचशी माहिती आताही भरलेलीच असते.